मुका माज

म्हैस दहा महिने दहा दिवसांनी विते, हा हिशेब खान्देशातल्या गोठ्यात तोंडपाठ असतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकातही गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचाच आहे. घोडे अडते ते त्याआधी. गाय माजावर आली की हंबरून गोठा डोक्यावर घेते. म्हैस फार तर पहाटे रेकते, दूध चोरते, थोडी थोडी लघवी करते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे चढला की तेवढेही दिसत नाही. हाच मुका माज. तो हुकला की पुढचे २१ दिवस वाट पाहायची, आणि चारा तर रोज घालावाच लागतो.

पूर्वी माज ओळखण्याचे काम गावचा रेडा करायचा. तापी-गिरणेच्या काठी म्हशी एकत्र चरत, डुंबत. माणसाला न कळणारा माज त्याला वासावरून कळे. पावसाळा सरून रात्री मोठ्या होऊ लागल्या की अंधारात स्रवणारे मेलाटोनिन वाढते आणि म्हशी फळू लागतात. मग वेत येते श्रावण-भाद्रपदात, हिरवा चारा मुबलक असताना. हे वेळापत्रक निसर्गाने फार शहाणपणाने बसवले आहे.

पुढे दावणीला एक-दोन म्हशी उरल्या, रेडा पोसणे परवडेना. १९४३ साली अलाहाबादच्या कृषी संस्थेत कृत्रिम रेतनातून भारतातले पहिले पारडू जन्मले. पण रेतन करायचे तर माज ओळखता यायला हवा, आणि ती जबाबदारी आता माणसावर आली.

तिथे संप्रेरके कामी आली. मेंदूतून अंडाशयाला हुकूम पाठवणाऱ्या जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. प्रोस्टाग्लँडिन अंडाशयावरचा पीतपिंड विरघळवते आणि म्हैस माजावर येते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून गायींसाठी ‘ओव्हसिंक’ आले: पहिल्या, आठव्या आणि दहाव्या दिवशी या संप्रेरकांचे इंजेक्शन, अकराव्या दिवशी रेतन. माज शोधायलाच नको.

म्हशींवर त्याचा गुण येतो, पण हिवाळ्यात आणि मुळात माज चालू असलेल्या म्हशीत. उन्हाने दमलेल्या, नुसत्या कडब्यावर दिवस काढलेल्या म्हशीचे अंडाशयच थंड असेल, तर विरघळायला पीतपिंडच नसतो. तिला आधी सावली, पाणी आणि खनिज मिश्रण हवे.

सावद्याच्या बाजारात गाभण म्हशीला मान आहे, तोच घरच्या दावणीलाही असू द्या. माज आणणारे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या. प्रोस्टाग्लँडिनने गाभण म्हैस गाभडते.