कुलूप काहून लावलं?

परवा गंगाखेडला एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मंडपातच खुर्च्या ओढून सगळे बसलो, तेवढ्यात मोठ्या आत्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. फेसबुकवर माझ्या भाचीचं नाव, आणि खाली छोटंसं कुलूप. आत्याची रिक्वेस्ट तीन महिन्यांपासून तशीच पडून.

"काहून कुलूप लावलं रे पोरीनं? आपल्या मान्सापासून काय लपवायचंय?"

भाची तिथेच होती. ती नुसती हसली आणि पानं वाटायला निघून गेली. उत्तर द्यायचं माझ्यावर आलं आणि मला ते धड देता आलं नाही. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो. आत्या, तुमचा नातू तुम्हाला हे वाचून दाखवील अशी आशा आहे.

आपल्याकडे प्रोफाइल हा शब्द नवा असेल, पण गोष्ट फार जुनी आहे. परभणीच्या स्टँडवर जिंतूरच्या गाडीत बसा. गाडी हलायच्या आत शेजारचा विचारतो, "कोण्या गावचे?" मग "कोणाचे?" आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव कळलं की जात कळली, जात कळली की तुमच्याशी किती बोलायचं ते ठरलं. यात वाईट हेतू असतोच असं नाही. याच प्रश्नांतून नाती निघतात, अडीअडचणीला माणसं धावून येतात. पण तुम्ही काय बोलणार हे ऐकण्याआधीच तुम्ही कोण ते ठरून गेलेलं असतं, हेही खरंच.

या संदर्भात मला आपल्या बी. रघुनाथांची आठवण येते. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथे आपण सगळेच कधी ना कधी जाऊन आलोय. १५ ऑगस्ट १९१३ ला तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात त्यांचा जन्म झाला. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी. दिवसभर उर्दूतली सरकारी कागदपत्रं आणि घरी आल्यावर मराठी कविता, कथा, कादंबऱ्या. 'फुलारी' या नावानंही त्यांनी कविता लिहिल्या. पुढे ज्या नावानं ते ओळखले गेले, ते नाव नीट बघा. त्यात एक इंग्रजी आद्याक्षर आहे, वडिलांचं नाव आहे, आणि आडनाव नाही!

तो काळही आठवून बघा. हैदराबाद संस्थानात सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं आणि त्यातल्या अनेकांना शिक्षणासाठी नागपूर गाठावं लागलं. अशा राज्यात सरकारी नोकरी करून मराठीत लिहिणाऱ्या या माणसाच्या एका कादंबरीचं नाव आहे 'जगाला कळले पाहिजे'. मला या नावाची फार गंमत वाटते. जगाला कळलं पाहिजे, पण काय कळलं पाहिजे हे लिहिणारा ठरवणार! १९५३ च्या सप्टेंबरात, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते परभणीतच गेले.

पुरुषांचं एक वेळ ठीक आहे. बायकांच्या बाबतीत नाव सांगण्याची किंमत फार मोठी होती. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतेतल्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना धारेवर धरलं होतं, त्याला हे उत्तर होतं. पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं, काही झाकलं नाही. टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पहिलंही लोक विसरून गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा वर आलं. मधे नव्वदहून जास्त वर्षं गेली.

आता त्यानंतर पन्नासेक वर्षांनी काय झालं बघा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं हे त्यात उघड लिहिलं होतं. गदारोळ झाला. ही बाई कोण, मुळात बाईच आहे का, यावर पैजा लागायच्या बाकी होत्या. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी तोंड उघडलं नाही. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. त्या बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर, हे लोकांना पुष्कळ उशिरा कळलं.

दोघींत धीट कोण, हा प्रश्न मला बरोबर वाटत नाही. दोघीही धीटच. फरक एवढाच की एक जण उघड्यावर उभी राहिली आणि पहिल्याच दगडांनंतर गप्प झाली. दुसरीला आडोसा मिळाला, म्हणून ती लिहीत राहिली. आणखी एक गोष्ट आहे. बाळूताई शिक्षिका होत्या. आसपासच्या मुलींचं जगणं त्यांच्या लिखाणात आलं होतं. त्यांचं नाव फुटलं असतं, तर लोकांनी त्या मुलीही शोधायला घेतल्या असत्या. म्हणजे एका नावावरच्या पडद्याआड किती जणी होत्या!

आता माझी एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

१९९६ ची गोष्ट. माझी एक मामेबहीण, आम्ही तिला ताईच म्हणतो, एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत टोपणनावानं छोटे छोटे लेख लिहायची. मोठ्या वाड्यातल्या स्वयंपाकघराबद्दल असायचे. कोण आधी जेवतं, कोणाच्या ताटात काय उरतं, असं सगळं. ही कोण लेखिका म्हणून मीही आवडीनं वाचायचो. एका रविवारी लेखात ज्वारीच्या कणगीत पैसे लपवणारी आजी आली आणि मी ओरडलोच. ती आमची आजी होती!

पुढच्याच आठवड्यात घरात लग्न होतं. मी ते कात्रण खिशात घालून गेलो आणि भर पंगतीत मोठ्यानं वाचून दाखवलं. "ओळखा कोणी लिहिलं?" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. ताईच्या सासरची एक वडीलधारी व्यक्ती शांतपणे म्हणाली, "बघू ते कागद." झालं एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. फक्त त्यानंतर तिचा लेख आला नाही. मी अनेक रविवार वाट पाहिली.

खूप वर्षांनी तिला विचारलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आता लिहायला बसले की सगळे शेजारी येऊन बसल्यासारखे वाटतात. मग वाण्याची यादीच लिहून होते."

मला तिचा अभिमान होता म्हणून मी ते केलं. पण नाव माझं नव्हतं आणि ते सांगायचा हक्कही माझा नव्हता, हे मला तेव्हा सुचलंच नाही. ते 'आपल्या माणसांपासून' लपवलेलं असेल हे तर अजिबातच नाही.

आताच्या पोरींचं म्हणाल तर त्यांनी बरंच पाहिलंय. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. ज्या कायद्याखाली असली प्रकरणं व्हायची, ते ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली रद्द केलं. २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुली बाई' प्रकरण बाहेर आलं. मुसलमान बायकांचे फोटो इंटरनेटवरून उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला होता. त्यात लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या कितीतरी बायका होत्या. आत्या, ज्या कुलपाचा तुम्हाला राग आला, ती सोय फेसबुकनं भारतात २०२० साली दिली ती उगाच नाही.

कोणी म्हणेल, तो लिलाव मांडणारेही नाव लपवूनच बसले होते की! बरोबर आहे. बुरखा दगड मारणाराही घेतो. पण त्यांना पोलिसांनी शोधून काढलंच. गुन्हा केला तर नाव उघडं पाडायला कायदा आहे. ज्यानं काहीच केलं नाही त्यानं मात्र दार उघडं का ठेवावं? २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपल्या घरात अजून बाथरूमच्या कडीपलीकडे तो हक्क पोचलेला नाही, एवढंच.

असो. भाचीला मी काल फोन केला. कुलूप का लावलं हे विचारलं नाही. आत्याची रिक्वेस्ट घे असंही म्हटलं नाही. नुसतं कसं चाललंय ते विचारलं, तर पाऊण तास बोलत बसली.

आणि ताईलाही फोन केला. तुझ्याबद्दल लिहू का, असं या वेळी आधी विचारलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिही. पण ते नाव नको लिहू."

नाही लिहिलं, ताई.