बालवाडीचा दिवस कोणी आखला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'अंगणवाडी' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो सरकारी खात्यानंच काढला असावा असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हा शब्द आणि त्यामागची कल्पना समुद्रकाठच्या बोर्डी या गावी वाढली. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होतं, 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथं दोन बायकांनी एक साधाच प्रश्न स्वतःला विचारला होता. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीनं काय करावं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्यांना लहान मुलांच्या शाळेचा अख्खा दिवस नव्यानं आखावा लागला.

तीन-चार वर्षांच्या मुलानं सकाळपासून दुपारपर्यंत काय करावं, हे ठरवण्याचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग इथं लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. खेळ हेच लहान मुलाचं खरं काम, हा त्यांचा सिद्धांत. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन अशी साधनं त्यांनी तयार केली. ती कोणत्या क्रमानं मुलांच्या हाती द्यायची, हेही त्यांनी ठरवून दिलं होतं.

पुढचं पाऊल पडलं रोममध्ये. 6 जानेवारी 1907 या दिवशी सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांचं पहिलं 'बालगृह' सुरू झालं. त्यामागचं कारण मोठं व्यावहारिक होतं. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागं राहिलेली मुलं नव्यानं दुरुस्त केलेल्या चाळींचे जिने नि भिंती खराब करीत. ती सांभाळायला कोणीतरी हवं होतं. म्हणजे शाळेचे तास ठरले ते आईबापांच्या कामाच्या तासांवरून.

माँटेसरींनी आपल्या पुस्तकात हिवाळ्यासाठी सुचवलेलं एक वेळापत्रक दिलं आहे. सकाळी नऊला मुलं येणार. पहिला तास नमस्कार, स्वच्छतेची तपासणी, एकमेकांना एप्रन घालायला मदत, खोलीतली धूळ पुसली आहे की नाही हे पाहणं आणि काल काय काय घडलं याच्या गप्पा यांचा. दहा ते अकरा बौद्धिक काम, तेही मध्ये मध्ये विश्रांती घेत. मग थोडा व्यायाम, साडेअकराला जेवण, बारा ते एक मोकळा खेळ. दुपारी मातीकाम, चित्रं, गाणी आणि शेवटी झाडांची नि प्राण्यांची देखभाल. चारला सुट्टी. सात तासांच्या या दिवसात ज्याला आपण 'अभ्यास' म्हणू, त्याला जेमतेम एक तास! बाकीचा सारा वेळ अंग, अन्न, घर आणि बोलणं यांना दिलेला आहे. ज्या घरात दिवसभर कोणी मोठं माणूस नाही, त्या घरातल्या मुलाला नेमकं हेच मिळत नव्हतं.

माँटेसरींनी सांगितलेली एक हकिगत प्रसिद्ध आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बसवायचे, काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. माँटेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं लक्ष ढळलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तिनं ते काम केलं आणि मग झोपेतून उठावं तशी ताजीतवानी होऊन आपणहून थांबली. दिवसाला क्रम हवा, पण त्या क्रमात मुलाला एखाद्या कामात बुडून जायला अखंड वेळही हवा, हे या प्रसंगानं शिक्षणशास्त्राला शिकवलं. मूल गप्प बसलं आहे आणि मूल रमलं आहे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हा विचार आपल्याकडे आला गुजरातमार्गे. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. 1923 मध्ये ताराबाई मोडक तिथं दाखल झाल्या. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या आल्या होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

परदेशी दिनक्रम जसाच्या तसा उचलून चालत नाही, हे गिजुभाईंना चांगलं ठाऊक होतं. 'दिवास्वप्न' या त्यांच्या पुस्तकातला वर्ग चौथीचा आहे, पण त्यातला पहिला दिवस बालवाडीच्या शिक्षिकेनंही वाचावा असा आहे. उत्साही मास्तर मोठ्या हौसेनं मुलांकडून माँटेसरी पद्धतीचा शांततेचा खेळ करवून घ्यायला जातात आणि वर्गात गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला बसतात आणि तीच मुलं कान देऊन ऐकू लागतात. आधी मुलाचं मन जागेवर यायला हवं, वेळापत्रक त्यानंतर, असा या प्रसंगाचा अर्थ.

ताराबाईंनी मुंबईत येऊन 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. पण शहरातल्या सुशिक्षित घरांपलीकडं हे शिक्षण जाणार कसं? 1931 मध्ये लंडनच्या माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात बोलताना गांधीजींनी, असं शिक्षण गरिबातल्या गरीब मुलांनाही मिळावं अशी आशा व्यक्त केली होती. ते प्रत्यक्षात उतरवण्यासाठी 1945 च्या अखेरीस ताराबाईंनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई त्याच वर्षी एका प्रशिक्षण शिबिरात ताराबाईंना भेटल्या होत्या. 1945 हे साल डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उभं राहण्याचंही साल. अशा मुलुखात हे काम सुरू झालं.

तिथं पुस्तकातला दिनक्रम पहिल्याच पायरीवर अडला. मुलं वस्तीवरून येईनात. मग शिक्षिका वस्तीवर गेली आणि घरापुढच्या अंगणात मुलं जमवून बालवाडी भरू लागली. हीच अंगणवाडी. दिवसाची सुरुवात झाली आंघोळ, नखं, केस यांपासून. महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, पानं, खडे, माती, बांबू यांनी त्यांची जागा घेतली. मोजायचं ते चिंचोक्यांनी मोजलं तरी पाच हे पाचच असतात!

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि आदिवासी मुलांच्या दिवसाशी आणखी जवळून गाठ पडली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. मग तो भाऊही येऊ दे! पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' अशी उभी राहिली. धाकट्याची सोय झाली, की थोरलीचा शाळेचा दिवस मोकळा होतो. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेच्या वेळेत रानात असतात. तर शाळाच रानात नेली, ती 'कुरणशाळा'. कोसबाडला घड्याळापेक्षा मुलाच्या घरचा दिवस पुढे होता आणि शाळेचा दिवस त्याच्या मागून चालत होता.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका छोट्याशा खोलीत आल्या. कुपोषणाच्या देशात आहार आणि लस यांना अग्रक्रम मिळणं योग्यच होतं. पण आहार शिजवणं, वजनं घेणं, नोंदवह्या भरणं आणि वर सर्वेक्षणांची कामं या साऱ्यांत मानधनावर राबणाऱ्या सेविकेचा दिवस संपतो. गोष्ट, गाणं आणि हातानं करायचं काम उरलेल्या वेळात बसवावं लागतं. मूल पोटभर जेवून जातं, ही मोठीच गोष्ट. पण त्याचं मन उपाशी राहत असेल तर अर्धंच काम झालं.

शहरात चूक दुसऱ्या टोकाची झाली. तिथं बालवर्गाचा दिवस वरच्या वर्गांच्या धाकानं आखला गेला. बोटांचे स्नायू पेन्सिल धरण्याइतके तयार नसताना ओळीत अक्षरं, घरचा अभ्यास आणि प्रवेशासाठी मुलाखत. 1993 मध्ये प्रा. यशपाल समितीनं दप्तराच्या ओझ्याविषयीच्या आपल्या अहवालात बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असं स्पष्ट सुचवलं होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मात्र हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासनानं सोय करावी असं त्यात आहे, पण ते बंधन नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला. 2022 च्या आराखड्यात दिवसाची आखणी कशी करावी याचे नमुने आहेत, 2024 मध्ये अंगणवाड्यांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रमही आला. परिपाठ, मोकळा खेळ, गोष्ट, अंगमेहनत, विश्रांती यांचा तोल हवा, हे आता सरकारी कागदावर आलं आहे.

मात्र नमुना हा नमुनाच. सान लोरेंझोचा दिवस तिथल्या चाळींवरून ठरला, कोसबाडचा दिवस गुरांच्या चरण्यावरून आणि कडेवरच्या भावंडावरून. ऊसतोडीच्या फडावरच्या मुलाचा दिवस निराळा, बांधकामाच्या जागी वाढणाऱ्या मुलाचा निराळा, आईबाप दोघंही लोकल गाठणाऱ्या घरातल्या मुलाचा आणखी निराळा. ताराबाई 1973 मध्ये आणि अनुताई 1992 मध्ये गेल्या. त्यांनी दिलेला शब्द आपण देशभर वापरला. आता प्रत्येक सेविकेला नोंदवहीतून रोज तासदीड तास मोकळा करून दिला आणि तो कसा वापरायचा हे तिच्या वस्तीकडं पाहून तिलाच ठरवू दिलं, तर त्या शब्दामागची शाळाही गावोगाव उभी राहील.