दहा दिवसांचा हिशेब

गांधीहत्येविषयी महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले आहे, तेवढे दुसऱ्या एखाद्या राजकीय घटनेविषयी क्वचितच बोलले गेले असेल. या बोलण्याचा रोख बहुधा एकाच प्रश्नाकडे असतो : का मारले? या प्रश्नाचे उत्तर मारणाऱ्याने स्वतःच लाल किल्ल्यातील न्यायालयात विस्ताराने दिलेले आहे. ते कोणास पटो वा न पटो, प्रश्न अनुत्तरित राहिलेला नाही. अनुत्तरित राहिला आहे तो दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते तोच अधिक अवघड आहे : हे होणार असे आधी कोणाकोणाला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही ते का टळले नाही?

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवितो. दोघांचीही मुळे सातारा जिल्ह्यातील आहेत. एकाच्या आजोळचा वाडा १९४८ च्या फेब्रुवारीत जळाला. आजी तेव्हा बारा वर्षांची होती. जळत्या माडीतून खाली फेकलेली भांडी, विहिरीत लपविलेले दागिने, तालुक्याच्या गावी पायी गाठलेले मामांचे घर हे सारे ती इतक्या बारकाईने सांगे, की आम्हांला त्या वाड्याचे सोपे न पाहताही पाठ झाले. दुसऱ्याचे आजोबा पलीकडच्या गावचे शेतकरी. तेही त्या दिवशी असाच एक वाडा जळताना गर्दीत उभे होते. त्याविषयी ते एकच वाक्य बोलत : ‘आम्ही आपले बघत उभे होतो.’ पुढे कोणी काही विचारले, तर ते तंबाखूची चंची उघडीत.

या दोन आठवणी एका खोलीत शेजारी शेजारी बसल्या, तेव्हा त्यांच्यातील एक साम्य आमच्या ध्यानात आले. दोन्ही ३० जानेवारीच्या संध्याकाळनंतर सुरू होतात. रेडिओवरील बातमी, न पेटलेल्या चुली, मग पेटलेली घरे असा हा क्रम आहे. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला, मुंबईत नारायणराव सावरकरांवर दगडफेक झाली, व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली. महाराष्ट्राची घरगुती आठवण या सगळ्याची आहे. तिच्यात ३० जानेवारीच्या आधीचे दहा दिवस मात्र नाहीत.

त्या दहा दिवसांचा हिशेब असा आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनातील प्रार्थनासभेच्या वेळी गनकॉटनचा स्फोट झाला. गांधीजी बचावले. मदनलाल पाहवा हा निर्वासित तरुण जागीच पकडला गेला. त्याचे साथीदार निसटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्याचे नाव वाचून मुंबईत एक प्राध्यापक हादरला. रुईया महाविद्यालयातील डॉ. जगदीशचंद्र जैन यांनी या मदनलालला आपली पुस्तके विकण्याचे काम देऊन पोटापाण्यास मदत केली होती, आणि गांधीजींना मारण्याचा कट शिजत असल्याचे त्याने स्फोटाच्या काही दिवस आधी त्यांच्यापाशी बोलूनही दाखविले होते. तेव्हा जैन यांना ती एका संतप्त निर्वासिताची बडबड वाटली होती. २१ तारखेस मात्र ते थेट मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले आणि खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना त्यांनी सर्व सांगितले. अहमदनगरच्या करकरेचे नावही सांगितले.

मोरारजींनी त्याच रात्री उपायुक्त नगरवाला यांना बॉम्बे सेंट्रल स्थानकावर बोलावून ही माहिती दिली. माहिती देणाऱ्याचे नाव मात्र दिले नाही. म्हणजे सर्वांत जवळची बातमी ज्याच्यापाशी होती, त्या माणसाची तपास करणाऱ्या अधिकाऱ्याशी हत्येपूर्वी गाठच पडली नाही. दुसरीकडे दिल्लीत मदनलालच्या जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. ‘अग्रणी’, म्हणजे पुढचे ‘हिंदुराष्ट्र’, हे पत्र काही गुप्त नव्हते. नथुराम गोडसे हे संपादकाचे नाव सरकारी नोंदीत होते. दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी मुंबईस आले आणि परतले. त्यांनी नगरवालांना नेमके काय सांगितले, याविषयीच्या साक्षी पुढे एकमेकींशी जुळल्या नाहीत. पुण्याचे वरिष्ठ गुप्तचर अधिकारी राणा तेव्हा दिल्लीतच होते. ते आगगाडीने लांबच्या मार्गाने निघून २७ जानेवारीस मुंबईस पोहोचले. त्याच दिवशी गोडसे आणि आपटे खोट्या नावांनी विमानात बसून मुंबईहून दिल्लीस गेले. तेथून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून पिस्तूल, आणि ३० तारखेची संध्याकाळ.

विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालातही या दिवसांतील पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवले होते. तरी चौकशी झाली नाही. ती झाली पुण्यातील एका सत्कारामुळे. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी जन्मठेप भोगून सुटलेल्या गोपाळ गोडसे प्रभृतींच्या सत्कारप्रसंगी ‘केसरी’चे माजी संपादक, टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी भर सभेत सांगून टाकले, की नथुरामचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. बाळूकाका कानेटकर यांच्यामार्फत आपण खेरांपर्यंत सूचना पोहोचविल्याचाही त्यांचा दावा होता. खेर १९५७ सालीच निवर्तले होते. देशभर खळबळ माजली. आधी गोपाळ स्वरूप पाठक आणि मग न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. १०१ साक्षीदार तपासून कपूर आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला.

त्या अहवालाने पुष्कळ उलगडले, आणि जे उलगडले नाही तेही स्पष्ट केले. ग्वाल्हेरचे तीन फरारी आरोपी न्यायालयापुढे कधीच उभे राहिले नाहीत. सावरकरांविषयीचा प्रश्न तर दोन टोकांमध्ये लोंबकळत राहिला. माफीचा साक्षीदार बडगे याच्या जबानीस स्वतंत्र पुष्टी नाही, म्हणून १९४९ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वीस वर्षांनी आयोगाने पुराव्यांवरून त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष नोंदविला. त्यांचे चिटणीस दामले व अंगरक्षक कासार यांच्या जबान्या पोलिसांनी १९४८ सालीच घेतल्या होत्या. त्यांना न्यायालयात साक्षीस का उभे केले नाही? आयोगाचे मत हा न्यायनिवाडा नव्हे, आणि उत्तर देण्यास सावरकर १९६६ नंतर हयात नव्हते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे अभिमानी आपापले कागद हाती धरून बसले आहेत.

आमच्या विद्यार्थिदशेत, १९९८ साली, नथुरामवरील नाटकाचे प्रयोग शासनाने थांबविले होते. नाक्यानाक्यावर वाद झडत होते. त्या वादांत पंचावन्न कोटी होते, फाळणी होती. जैन, नगरवाला, केतकर यांपैकी एकाचेही नाव आम्ही ऐकले नाही. पुढे चौथ्या गोळीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये फेटाळला गेला. गूढ गोळी शोधण्यात एक सोय असते : ती कोणा अज्ञाताची असते. ठाऊक असलेली माणसे मात्र ज्ञात असतात. ती आपल्याच शहरांतली, आपल्याच वाचनालयांतली, आपल्याच पंगतीतली असतात.

व्यवसायामुळे आमचे मन जैन यांच्यापाशी अडखळते. ‘आय कुड नॉट सेव्ह बापू’ या शीर्षकाचे पुस्तक त्यांनी लिहिले. त्यांनी विलंब केला हे खरे. तथापि अखेर ते उठून गेले, नाव सांगितले, न्यायालयात साक्ष दिली. केतकरांसारखा विद्वान संपादक सोळा वर्षांनी बोलला, आणि बोलला तोही सत्काराच्या मांडवात. त्यांना बडगेकडून बेत कळला होता आणि तो त्यांनी अधिकाऱ्यांना कळविला नाही, असेच आयोगाचेही मत पडले. या दोन माणसांमधील अंतर हा आम्हांला या प्रकरणाचा गाभा वाटतो. कारण पिस्तूल झाडणारा समाजात एखादाच असतो. त्याचे बोलणे ऐकून घरी जाणारे पुष्कळ असतात.

आजीच्या आठवणीतील आग खरी होती, आणि त्या आगीत होरपळलेल्या बहुतेकांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता, हेही खरे. आजोबांची चंची का उघडली जाई, तेही आता विचारता येणार नाही. परंतु सोसल्याच्या आठवणी जपणाऱ्या घरांनी जाणल्याच्या आठवणीही जपल्या असत्या, तर कपूर आयोगाचे काम थोडे हलके झाले असते. ज्यांच्या घरांत १९४८ ची पत्रे, रोजनिश्या अजून ट्रंकांत पडून असतील, त्यांना आमची एवढीच विनंती आहे, की ३० जानेवारीची पाने वाचण्यापूर्वी त्यांनी आधीची दहा पाने वाचावीत.