सूर्यफुलाच्या लागवडीचा इतिहास

सूर्यफूल (लॅ. हेलिअँथस ॲन्यूअस, कुल-कंपॉझिटी) हे जगातील प्रमुख तेलबियांच्या पिकांपैकी एक आहे. ही वर्षायू वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेतील असून तिचा ज्ञात लागवडीचा काळ चार हजार वर्षांहून अधिक आहे. तथापि या काळाचा फार मोठा भाग ती मळ्याच्या कडेला, परसात किंवा शोभेच्या बागेत वाढविली जात होती. विस्तृत शेतात घेण्याचे तेलपीक म्हणून तिला एकोणिसाव्या शतकात रशियात महत्त्व आले आणि भारतात ते १९६९ नंतर आले. भारतात या पिकाचा प्रसार जितक्या वेगाने झाला, जवळजवळ तितक्याच वेगाने त्याचा संकोचही झाला. त्याची कारणे पिकाच्या स्वभावात जशी आहेत, तशी बाजारभाव व आयातधोरण यांतही आहेत.

उगम व प्रारंभीची लागवड : रानटी सूर्यफूल अनेक फांद्यांचे असून प्रत्येक फांदीच्या टोकाला लहान फुलोरा येतो. दाणे बारीक असतात व पक्व होताच गळून पडतात. लागवडीतील सूर्यफुलाला बहुधा एकच सरळ खोड, त्यावर एकच मोठे स्तबक (फुलोरा, व्यवहारात कणीस) आणि न गळणारे टपोरे दाणे असतात. व्यवहारात ‘बी’ म्हटला जाणारा हा दाणा वस्तुतः एकबीजी शुष्क फळ होय. मोठ्या कणसाचे दाणे बेण्यासाठी राखून ठेवण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीतून हा बदल घडून आला. उत्खननात मिळालेल्या दाण्यांच्या आकारावरून ते रानटी की लागवडीतील, हे ठरविता येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्यात हेझ येथे लागवडीतील सूर्यफुलाचे चार हजार वर्षांहून जुने अवशेष मिळाले आहेत. मेक्सिकोतील टबॅस्को राज्यातही तितकेच जुने दाणे मिळाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरून उगमस्थानाविषयी वाद झाला. नंतरच्या आनुवंशिकीय अभ्यासाने मात्र आजची सर्व लागवडीतील सूर्यफुले उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील एकाच उगमाकडे निर्देश करतात, असे दाखवून दिले.

अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांनी या पिकाचा नानाविध उपयोग केला. मिसूरी नदीच्या काठी राहणाऱ्या हिडात्सा जमातीत शेती स्त्रियांच्या हाती असे. वसंत ऋतूत जमीन मोकळी होताच त्या सर्वप्रथम सूर्यफूल पेरीत. मका, घेवडा व भोपळा यांच्या मळ्याभोवती कडेने अंतराअंतरावर त्याची रोपे असत. कडाक्याचे हिंव पडल्यानंतर काढलेले दाणे अधिक तेलकट असतात, हे त्यांना ठाऊक होते. दाणे भाजून त्यांचे पीठ करीत आणि त्या पिठाचा गोळा योद्धे प्रवासात शिदोरी म्हणून जवळ बाळगीत. नैर्ऋत्येकडील होपी लोक काळ्या-जांभळ्या दाण्यांपासून रंग काढीत, तर ह्यूरन लोक दाण्यांचे तेल केसांना लावीत.

यूरोपातील प्रवेश : सोळाव्या शतकात स्पॅनिश प्रवाशांबरोबर सूर्यफुलाचे बी यूरोपात आले. रेम्बर्ट डोडोएन्स या फ्लेमिश वनस्पतिवैज्ञानिकाने १५६८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ही वनस्पती पेरू देशातील असावी, अशी त्या काळी समजूत होती. लंडनमधील जॉन जेरार्ड याने १५९७ च्या आपल्या वनस्पतिकोशात स्वतःच्या बागेतील चौदा फूट उंचीच्या झाडाची नोंद केली. हे फूल सूर्याबरोबर फिरते असे लोक म्हणतात, पण प्रयत्न करूनही आपल्याला तसे दिसले नाही, असेही त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. त्याचे निरीक्षण उमललेल्या फुलांपुरते बरोबर होते. वाढत्या झाडाचा शेंडा व कोवळी कळी दिवसभर सूर्याच्या दिशेने वळतात. पूर्ण उमललेले स्तबक मात्र पूर्वेकडे तोंड करून स्थिर राहते. दाण्यांपासून तेल काढण्याच्या पद्धतीचे एक एकस्व १७१६ मध्ये इंग्लंडमध्ये दिले गेले. पण त्यातून तेथे उद्योग उभा राहिला नाही. दोन शतके यूरोपात सूर्यफूल मुख्यतः बागेतच राहिले.

रशियातील लागवड : रशियात हे पीक झार पीटर द ग्रेट याने हॉलंडमधून आणविले, असे परंपरेने सांगण्यात येते. प्रारंभी तेथेही ते शोभेसाठी व दाणे सोलून खाण्यासाठी लावीत. ऑर्थोडॉक्स चर्चच्या दीर्घ उपवासकाळात लोणी व चरबी वर्ज्य असल्याने वनस्पतिज तेलाला मोठी मागणी असे. नव्याने आलेल्या सूर्यफुलाच्या प्रसाराला तिचा हातभार लागला. व्हरॉनेझ प्रांतातील अलेक्सेयेव्हका या गावी डॅनिल बोकारेव्ह या भूदासाने आपल्या परसबागेत सूर्यफूल लावले आणि १८२९ मध्ये हाताने चालविण्याच्या घाण्यावर त्याचे तेल काढले. चार वर्षांनी, १८३३ मध्ये, त्याच गावी घोड्यांच्या साहाय्याने चालणारा घाणा सुरू झाला. तेथून गावोगावी घाणे उभे राहिले आणि परसातील झाड विस्तीर्ण शेतांत पोहोचले.

सलग मोठ्या क्षेत्रावर एकच पीक येऊ लागताच त्याचे शत्रूही वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाणे पोखरणारी पतंगाची अळी, तांबेरा आणि मुळांवर जगणारी ऑरोबँकी ही परोपजीवी वनस्पती यांनी रशियातील पिकाची मोठी हानी केली. ज्या थोड्या झाडांवर उपद्रव कमी होता, त्यांचे बी राखून शेतकऱ्यांनीच प्रतिकारक्षम स्थानिक वाण निर्माण केले. काही वाणांच्या टरफलात काळ्या द्रव्याचा कठीण थर असतो आणि त्यामुळे अळीला दाणा पोखरता येत नाही, असे दिसून आले. या वाणांच्या आधारे व्ही. एस. पुस्तोव्हॉइट (१८८६—१९७२) यांनी १९१२ पासून क्रास्नोदार येथे शास्त्रीय निवडीचे कार्य आरंभिले. पातळ टरफल व भरीव गर असलेल्या झाडांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी दाण्यातील तेलाचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या आसपास नेले. ‘पेरेडोव्हिक’ हा त्यांचा वाण पुढे अनेक देशांत पोहोचला.

अमेरिकेत पुनरागमन व संकरित वाण : १८७० नंतर रशियातून स्थलांतर केलेल्या मेनोनाइट पंथीय शेतकऱ्यांबरोबर सूर्यफूल आपल्या मूळ खंडात परतले. १८८० च्या सुमारास ‘मॅमथ रशियन’ या नावाचे बी अमेरिकेतील बियाणे-सूचींत विक्रीस आले. दुसऱ्या महायुद्धकाळातील तेलटंचाईमुळे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात लागवडीला उत्तेजन मिळाले. १९६९ मध्ये फ्रान्समधील पी. लेक्लर्क यांनी हेलिअँथस पेटिओलॅरिस या रानटी जातीशी केलेल्या संकरातून नर-वंध्यत्वाचा गुण मिळविला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला पूरक असा जननक्षमता पुनःस्थापित करणारा घटक उपलब्ध झाला. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर संकरित बियाणे तयार करणे शक्य झाले. ज्या रानटी जातींना शेतकरी तण समजत, त्याच आधुनिक वाणांच्या निर्मितीस उपकारक ठरल्या.

भारतातील लागवड : भारतात सूर्यफूल प्रथम बागेतील शोभेचे झाड म्हणूनच परिचित होते. खाद्यतेलाच्या तुटवड्यामुळे १९६९ मध्ये सोव्हिएट रशियातून पेरेडोव्हिकसह चार वाणांचे बी आणून तेलपीक म्हणून त्याची लागवड सुरू करण्यात आली. सूर्यफुलावर दिवसमानाचा फारसा परिणाम होत नसल्याने ते खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येते. नव्वद ते शंभर दिवसांत ते तयार होते आणि त्याच्या खोल मुळांमुळे जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावरही तग धरते. कॅनडातून आलेला ठेंगणा ‘मॉर्डेन’ हा वाण तर सु. ऐंशी दिवसांत काढणीस येतो.

या गुणांमुळे महाराष्ट्रातील सोलापूर, लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या अवर्षणप्रवण भागांत पीक लवकर रुजले. पाऊस लांबला व ज्वारी-कापसाच्या पेरणीची वेळ टळली, तरी ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत सूर्यफूल पेरता येते; त्यामुळे आपत्कालीन पीक म्हणून त्याची शिफारस होऊ लागली.

रशियन वाणांबरोबर एक अडचणही आली. त्यांत स्वपरागण जवळजवळ होत नसल्याने शेतात मधमाश्या कमी असल्या की कणसाच्या मध्यभागी पोचट दाणे राहत. यावर उपाय म्हणून हेक्टरी चार-पाच मधमाश्यांच्या पेट्या ठेवणे किंवा फुलोऱ्याच्या काळात सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून ते कणसांवरून हळुवार फिरविणे, अशा पद्धती सुचविण्यात आल्या. दाणे भरू लागल्यावर पोपटांच्या थव्यांपासून राखण करावी लागे. पेरा सर्वत्र असतो तेव्हा हे नुकसान विभागले जाते. एकट्यादुकट्या शेतावर मात्र पक्ष्यांचा सारा भार पडतो.

बंगलोर येथील कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये बीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित वाण प्रसारित केला. दाणे अधिक भरणारे व एकाच वेळी पक्व होणारे संकरित वाण, १९८६ मध्ये सुरू झालेले तेलबियांचे राष्ट्रीय अभियान आणि आयातीवरील निर्बंधांमुळे मिळणारा चांगला भाव यांमुळे क्षेत्र झपाट्याने वाढले. १९९३-९४ मध्ये ते सु. २७ लाख हेक्टरांपर्यंत गेले. कर्नाटक, आंध्र प्रदेश व महाराष्ट्र ही त्यातील अग्रेसर राज्ये होती.

संकोच व त्याची कारणे : एकाच जमिनीत वर्षानुवर्षे हेच पीक घेतल्याचे व बहुतेक संकरित वाणांत नर-वंध्यत्वाचा एकच स्रोत वापरल्याचे परिणाम रशियातील पूर्वानुभवाशी मिळतेजुळते होते. १९८४ च्या सुमारास मराठवाड्यात केवडा रोग आढळला. त्यावर लातूर येथील तेलबिया संशोधन केंद्राने एलएसएच-१ व एलएसएच-३ हे प्रतिकारक्षम संकरित वाण दिले. १९९७ मध्ये कर्नाटकात ऊतकमृत्यू (नेक्रोसिस) हा विषाणुजन्य रोग उद्‌भवला व लगतच्या राज्यांत पसरला. बांधावरील गाजर गवताच्या परागकणांतून व फुलकिड्यांमार्फत त्याचा प्रसार होतो; त्यामुळे केवळ आपले शेत स्वच्छ ठेवून शेतकऱ्याचा बचाव होत नाही.

याच सुमारास बाजारही प्रतिकूल झाला. १९९४ पासून खाद्यतेलाची आयात टप्प्याटप्प्याने खुली करण्यात आली आणि स्वस्त पामतेलाशी देशी तेलबियांची स्पर्धा सुरू झाली. एप्रिल २००८ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील आयातशुल्क शून्यावर आले. जिरायत शेतकरी सोयाबीन, हरभरा व मका यांकडे वळला. १९९३-९४ नंतरच्या तीन दशकांत देशातील सूर्यफुलाचे क्षेत्र सु. एक दशांशावर आले. तेलाचा वापर मात्र कमी झाला नाही. तो मुख्यतः युक्रेन व रशिया यांच्याकडील आयातीवर विसंबून राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या दोन देशांत युद्ध पेटताच काळ्या समुद्रातील वाहतूक खंडित होऊन भारतातील सूर्यफूल तेलाचे भाव कडाडले, तेव्हा या परावलंबनाची जाणीव तीव्रतेने झाली.

सूर्यफुलाच्या इतिहासात त्याला झाडाचे पीक व पिकाचे उत्तम पीक बनविण्याचे काम प्रत्येक वेळी शेतातील चोखंदळ निवडीने केले. हिडात्सा स्त्रियांचे मळे, बोकारेव्हची परसबाग व लातूरचे संशोधन क्षेत्र यांत हे समान सूत्र आढळते. मात्र उत्तम वाण हाती आला, तरी फेरपालट, वाणांची विविधता आणि मालाला परवडणारा भाव यांच्या अभावी पीक शेतात टिकत नाही, हे भारतातील अनुभवाने स्पष्ट केले आहे.