जिंकणाऱ्यांनीच मोडलेली कॉन्फरन्स

आज फुटबॉल, पण आपला मेस्सीवाला नाही. हेल्मेट घालून, लांबट बॉल हातात धरून धावतात ना, तो अमेरिकन फुटबॉल. तिथली कॉलेजं गट करून दरवर्षी एकमेकांशी खेळतात. अशा गटाला म्हणतात कॉन्फरन्स. त्यातलीच एक नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स. सुरू झाली १९२२ मध्ये, संपली २००८ मध्ये.

नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा आणि आजूबाजूची राज्यं हा तिचा मुलूख. कडाक्याची थंडी, मैलोन्‌मैल शेतं. दोन्ही डकोटांत एनएफएलची एकही टीम नाही, म्हणून कॉलेजची मॅच म्हणजे गावाचा उत्सवच! नॉर्थ डकोटा आणि नॉर्थ डकोटा स्टेट यांची खुन्नस तर १९३८ पासून एका ट्रॉफीसाठी चालायची. ट्रॉफी कसली, पाच सेंटच्या नाण्याची अवाढव्य प्रतिकृती, वजन साधारण ३४ किलो!

खेळही तगडा. १९८३ ते १९९० या काळात नॉर्थ डकोटा स्टेटने डिव्हिजन टूची पाच राष्ट्रीय विजेतेपदं मारली. २००१ मध्ये नॉर्थ डकोटा चॅम्पियन.

मग बिघडलं कुठे? टीम कमजोर झाल्या म्हणून नाही, उलट काही जणांना ही पातळी छोटी वाटायला लागली. डिव्हिजन टूमध्ये फुटबॉलसाठी जास्तीत जास्त ३६ स्कॉलरशिप देता यायच्या, वरच्या पातळीवर ६३. २००४ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेट आणि साउथ डकोटा स्टेट वर गेल्या. मग उरलेल्या दोन डकोटांनीही तीच वाट धरली. आपल्या भाषेत सांगायचं तर मेन सर्व्हरच निघून गेले, नेटवर्क कसं चालणार?

गेलेल्यांचं सोनं झालं. जानेवारी २०२३ मध्ये वरच्या पातळीच्या फायनलला समोरासमोर कोण? हेच दोन जुने शेजारी! साउथ डकोटा स्टेट ४५–२१ ने जिंकली.

मागे राहिलेल्यांपैकी मिनेसोटा डुलुथने २००८ आणि २०१० मध्ये विजेतेपद जिंकलं. पण ओमाहाने २०११ मध्ये आणि सेंट क्लाउड स्टेटने २०१९ मध्ये फुटबॉल बंदच केला. त्याचं खापर एकट्या फाटाफुटीवर फोडता येणार नाही. तरी एक प्रश्न उरतोच: वर जाणाऱ्यांना मोठं करण्यात ज्यांचा वाटा होता, त्यांचं काय? विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!