रातांब्याच्या बिया

२०१४ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात डग्लस मॅकमास्टर या आचाऱ्याने ‘सायलो’ नावाचं उपाहारगृह काढलं. तिथे कचऱ्याची बादलीच ठेवायची नाही, असा त्याचा निर्धार होता. ते वाचताना आम्हाला आठवला रत्नागिरीचा रातांबा.

एप्रिल-मेमध्ये हे फळ पिकतं. फोडून साली वेगळ्या करतात. बियांसकट गराला मीठ लावलं की रस सुटतो, तो आगळ. साली उन्हात वाळवायच्या, रसात बुडवायच्या, परत वाळवायच्या. अशी पुटं देत गेलं की आमसुलं तयार. आम्ल भरपूर, मीठही आहे, पाणी फारसं उरलेलं नाही. मग बुरशीला थारा कुठला?

राहिल्या बिया. त्याही टाकत नसत. वाळवून, कुटून त्या पाण्यात उकळायच्या. तेल पाण्याहून हलकं, ते वर तरंगतं. ते काढून निवू लागलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. म्हणून नाव मुठेल. यात स्टीअरिक आम्लाचं प्रमाण मोठं असतं. खोबरेल २५ अंशांच्या आसपासच पातळ होतं, मुठेलाला साधारण ४० अंश सेल्सियस लागतात. म्हणून तर टाचेच्या भेगांत भरताना ते आधी गरम करावं लागतं! फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ सालच्या औषधी द्रव्यांवरच्या इंग्रजी ग्रंथातही त्याची दखल आहे.

पण ही काटकसर कुणी तत्त्व म्हणून स्वीकारली नव्हती. कातळाची जमीन, भात वर्षभर पुरायचं नाही, घरचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि चूल मनीऑर्डरीवर. पावसाळ्यात मुंबईच्या बोटीही बंद असत. मिरगाआधी बेगमी झाली नाही तर पुढचे चार महिने कठीण. आणि बेगमी करायची बायकांनी. बिया कुटणं, सरपण आणणं, धुरात बसून तवंग काढणं, या वेळाचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. मॅकमास्टरच्या स्वयंपाकघरात असल्या खटाटोपाचा पगार मिळे आणि तो गिऱ्हाइकाच्या बिलातून निघे. इथे तो खर्च आजीने सोसला. पुढे दुकानातून तेलातुपाचे डबे मिळू लागले, तेव्हा अनेक घरांतून पहिल्यांदा सुटलं ते मुठेलच. आम्हाला त्यात आळस दिसत नाही. आता तेच कोकम बटर म्हणून सौंदर्यप्रसाधनांत जातं.

वर्गात करून पाहण्याजोगं आहे. मुठेलाचा तुकडा परीक्षानळीत घालून ती गरम पाण्यात धरा आणि तो कोणत्या तापमानाला वितळतो ते मोजा. शेजारच्या नळीत खोबरेल ठेवा. ज्यांच्या घरी मुठेल होत असे, त्या मुलांनी आजीला विचारून यावं: एका गोळ्याला किती बिया, किती लाकडं आणि किती तास लागत?