वृक्षाशीं विवाहित द्राक्षवेल

इटलींतील टस्कनी प्रांतांत पूर्वी द्राक्षवेल मांडवावर नव्हे, तर मेपल वृक्षाच्या आधारानें वाढवीत. अशा वेलीला ‘विवाहित’ म्हणत. शाकुंतलांतील आम्रवृक्षास वरणारी नवमालिका ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें नांव परकें वाटणार नाहीं. ही रीत रोमन काळापासूनची. पहिल्या शतकांतील कृषिपंडित कोलुमेल्ला सांगतो, कीं मध्यें धान्य पेरावयाचें असल्यास झाडांत ४० फूट अंतर ठेवावें, नाहींतर २० फूट पुरे.

एकाच शेतांत गहूं, कडधान्यें, ऑलिव्ह आणि द्राक्षें पिकत. झाडांचा पाला गुरांना, गुरांचें शेण जमिनीला, छाटलेल्या फांद्या चुलीला! पण या मनोहर चित्रांत भुलूं नये. कुळाच्या कुटुंबाला निम्में उत्पन्न जमीनदारास द्यावें लागे. उरलेल्या निम्म्यांत भाकरी, तेल, मद्य सारें भागवावयाचें. तेथील वैविध्य हौसेचें नव्हतें, गरजेचें होतें.

१९६४ च्या कायद्यानें असे नवे करार बंद झाले. तरुण मंडळी शहरांकडे आधींच वळली होती. ट्रॅक्टरला मोकळ्या रांगा हव्या होत्या. कुळें सुटलीं, झाडेंहि गेलीं. नेपल्सजवळ आवेर्सा येथें मात्र अद्यापि कांहीं वेली पॉप्लरवर चढतात, आणि उंच शिड्या लावून त्यांचीं द्राक्षें खुडतात.